ठाण्यात लेदर सोल: झीज, पाऊस आणि बुरशीतून बूट कसे वाचवायचे

लेदर सोलचे बूट आपल्या हवेत टिकत नाहीत, असं दुकानदारच सांगतात आणि त्याच दमात दुसरी जोडी पुढे करतात. ठाणे कोर्टातले वकील, बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जाणारे बँकवाले, लग्नात सुटावर घालायला महागडे ऑक्सफर्ड घेतलेले नवरदेव, अशा पुष्कळांच्या कपाटात एखादी जोडी 'तळ गेला' म्हणून पडून असते. ती उलटी करून पाहिली तर बहुतेक वेळा कळतं की तळ नुसता चालून झिजलेला नाही. तो ओला असताना चालवला गेलाय, किंवा ओला असतानाच शू रॅकमध्ये कोंबला गेलाय. लेदर सोल कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षं जातो. ओला राहिला तर एक पावसाळा निघणंही कठीण. नाल, रबर, तेल, शू ट्री (आकार राहावा म्हणून बुटात घालायचा लाकडी साचा) हे सगळे त्याला कोरडं ठेवण्याचे किंवा ओलं झाल्यावर सावरण्याचे उपाय आहेत.

तळाचं चामडं वरच्या चामड्यापेक्षा वेगळं असतं. ते झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेलं, दाबून घट्ट केलेलं, साधारण ५ मिलिमीटर जाडीचं असतं. कोल्हापुरीचा तळही याच पद्धतीने, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि कोल्हापुरी पावसात घालायची नाही हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. महागड्या बुटाला मात्र तेच शहाणपण लावायचं राहून जातं. भिजलं की या चामड्याचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि मऊ पडतात. मग रस्त्यावरची बारीक खडी त्यांत रुतते आणि प्रत्येक पावलागणिक तळ खरवडून निघतो. शिवाय टॅनिन पाण्यात विरघळतं. ओला तळ पांढऱ्या फरशीवर तपकिरी ठसे सोडतो ते त्यामुळेच.

आधी बूट उलटा करून बघा

काय वाचवायचंय ते कळल्याशिवाय मोचीकडे जाऊ नका. तळ खरंच चामड्याचा आहे का, हे काठावरून कळतं. कापलेल्या बाजूला बारीक तंतू दिसतात आणि नख दाबलं तर हलकी खूण उठते. झिजलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकला तर काही वेळात तो आत मुरतो आणि तिथे गडद डाग दिसतो. नव्या बुटाच्या तळावर लाखेसारखा चकचकीत थर असतो, त्यामुळे ही परीक्षा नव्यावर चालत नाही. टाचेकडे नीट बघा. स्वस्त बुटांत टाचेचे थर अख्ख्या चामड्याचे नसतात, चामड्याचा चुरा दाबून केलेल्या पुठ्ठ्याचे असतात. पाणी लागलं की ते फुगून फाकतात.

मग शिलाई बघा. बुटाच्या आत हात घालून पाय टेकतो त्या पृष्ठभागावर काठाने शिलाईची रांग लागली, तर ती ब्लेक शिलाई. लायमन ब्लेक या अमेरिकनाने त्या यंत्राचं पेटंट १८५८ मध्ये घेतलं. बूट हलका आणि लवचीक होतो, पण सुई तळातून थेट आत गेलेली असते, म्हणजे पाण्याला वर यायला वाट तयार. आत शिलाई दिसत नाही, पण बुटाच्या भोवती बाहेरून चामड्याची अरुंद पट्टी आहे आणि तीवर टाके आहेत, तर तो बहुधा गुडइयर वेल्टचा. त्यात तळ या पट्टीला शिवलेला असतो, मध्ये कॉर्कचा भराव असतो, आणि तळ उसवून नवा बसवता येतो. बहुधा म्हणालो, कारण काही बुटांना नुसती शोभेची पट्टी चिकटवलेली असते आणि टाके साच्यातून उठवलेले असतात. टाक्याखाली नखाने खरवडून बघा, दोरा असेल तर दोऱ्यासारखा लागतो. तिसरा प्रकार नुसता चिकटवलेला. त्याच्यावर फार खर्च करू नका, पण खालचे बरेच उपाय त्यालाही लागू आहेत.

नवी जोडी, पहिले काही दिवस

नवा लेदर सोल गुळगुळीत फरशीवर घसरतो. कार्यालयाच्या लिफ्टसमोरचा ग्रॅनाइट, हॉलमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्स, मॉलचे सरकते जिने, सगळीकडे पहिल्या दिवशी जपून. ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन चवड्याखालच्या भागावरचा तो चकचकीत थर हलक्या हाताने उतरवा. जोर लावून घासायचं नाही, फक्त चमक जाईपर्यंत. हा उद्योग नको असेल तर इमारतीच्या पार्किंगमधल्या खरबरीत सिमेंटच्या उतारावर दोन-चार फेऱ्या मारा, काम तेवढंच होतं.

नव्या बुटाची झीज सगळ्यात आधी पुढच्या टोकाला होते. तळ अजून ताठ असतो, चवड्यापाशी वाकत नाही, त्यामुळे पाऊल उचलताना टोक जमिनीला घासतं. काही दिवसांनी वाकण्याची जागा तयार झाली की हे घासणं कमी होतं. म्हणून सुरुवातीला नवे बूट घालून स्टेशनपर्यंत पायपीट नको. कोरड्या दिवशी, थोड्या वेळासाठी, शक्यतो इमारतीच्या आतच घाला. घालताना शूहॉर्न वापरा. टाच दाबून पाय कोंबायची सवय बुटाची मागची बाजू मोडते, तिथे कुठलाच मोची जादू करू शकत नाही.

लग्नासाठी घेतले असतील तर करवल्यांना आधीच सांगून ठेवा: जोडे खुशाल लपवा, पण मोरीत नाही.

पुढचं टोक आणि टाच

टोकाला नाल ठोकायची पद्धत जुनी आहे. पूर्वी पोलीस आणि शाळकरी मुलं, दोघांच्याही बुटांना नाल असायची. आज तीन पर्याय मिळतात. वरून ठोकलेली लोखंडी नाल सगळ्यात स्वस्त, पण ती तळाच्या वर उभी राहते, आवाज करते आणि गुळगुळीत फरशीवर घसरवते. दुसरा पर्याय तळात तेवढाच खोलगट खाच करून, तळाच्या पातळीत बसवलेल्या स्टीलच्या पट्टीचा. दिसायला उत्तम, टिकायला उत्तम, पण खाच काढणारा हात तयार हवा. खाच खोल गेली तर वेल्टच्या टाक्यांना धक्का लागतो. तिसरा, टोकाला रबराचा किंवा कडक नायलॉनचा छोटा तुकडा.

ठाणे स्टेशनचा पूल, त्याच्या पायऱ्यांच्या गुळगुळीत झालेल्या कडा आणि मागून येणारा लोंढा ज्यांच्या रोजच्या वाट्याला आहे, त्यांनी लोखंडाच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाशी-बेलापूरच्या ऐसपैस स्टेशनांतही पावसात फरशी निसरडी होते. टोकाला रबर लावा. स्टीलची हौस असेल तर ती गाडीने ऑफिसला जाणाऱ्यांनी करावी.

टाचेच्या तळाला बहुतेक बुटांत रबराचा शेवटचा थर असतोच. तो बाहेरच्या मागच्या कोपऱ्यातून तिरका झिजतो. रबर संपून झीज चामड्याच्या थरांपर्यंत पोचायच्या आत तो बदलून घ्या. त्या टप्प्यावर हे किरकोळ काम असतं. चामडं झिजू दिलं की अख्खी टाच बांधावी लागते, आणि मधल्या काळात तिरक्या टाचेवर चालून गुडघे दुखतात ते वेगळंच.

रबरी हाफ सोल: लावावा की नाही

बुटांच्या शौकिनांत यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, लेदर सोलवर रबर लावायचं तर लेदर घेतलंच कशाला, बूट श्वास घेत नाही. दुसरा मुकाट्याने रबर लावून मोकळा होतो. मी दुसऱ्या तटातला. पायाला लागणारी हवा प्रामुख्याने बुटाच्या तोंडातून आणि वरच्या चामड्यातून खेळते. दाबून घट्ट केलेला जाड तळ, वर कॉर्क, वर आतला तळ, यातून फारशी हवा जात नाही. शिवाय हाफ सोल फक्त पुढच्या भागाला लागतो. मधली कमान उघडीच राहते आणि ओल तिथून बाहेर पडू शकते. लंडन-मिलानमधल्या चर्चा आपल्या पावसाला लागू पडत नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो, आणि ठाण्याचा पाऊस त्याहून कमी नाही.

रबराचे खरे तोटे दुसरे आहेत. ते चिकटवण्यासाठी तळ घासावा लागतो, म्हणजे थोडं चामडं जातंच. ओलसर तळावर लावलं तर ओल आत कोंडते आणि चामडं आतल्या आत कुजतं. आणि रबर खालून वाचवतं, बाजूने नाही. डबक्यात पाय पडला तर वेल्टच्या टाक्यांतून पाणी शिरायचं ते शिरतंच. हाफ सोल लावला म्हणून बूट गमबूट होत नाहीत.

वेळ कोणती? बूट थोडे दिवस कोरड्यात घालून, वाकण्याची जागा तयार झाल्यावर, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी. एप्रिल-मे उत्तम. याला एक तांत्रिक कारणही आहे. मोची चिकटवायला वापरतात ते सोल्यूशन वाळताना त्यातला द्रव उडून जातो आणि पृष्ठभाग थंड पडतो. दमट हवेत त्या थंड थरावर बाष्प बसतं आणि जोड कच्चा राहतो. जुलैत लावलेला सोल सप्टेंबरात टोकाशी उघडला तर दोष नेहमी मोचीचा नसतो.

काम कसं व्हायला हवं ते माहीत असलं की समोर बसून करवून घेता येतं. स्टेशनबाहेर पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसणारे गटई कामगार हे काम चांगलं करतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. एक पाय त्यांच्या जुन्या चपलेत घालून '८.१२ गाठायची आहे, आटपा' म्हणणाऱ्याला घाईचंच काम मिळणार. बूट संध्याकाळी ठेवून जा.

१. बूट पूर्ण कोरडे हवेत. शेवटचे घातल्यानंतर निदान दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवलेले.

२. रबर १ ते २ मिलिमीटरचं, बारीक नक्षीचं घ्या. व्हिब्रॅम किंवा टोपी या परदेशी कंपन्यांचे पातळ तळ मिळाले तर चांगलंच, ते स्वतः नेऊन द्या. नाहीतर मोचीकडच्या शीटमधलं सगळ्यात पातळ आणि चिवट. जाडजूड रबराने बुटाचा डौल जातो, आणि बूट वाकेनासा झाला की पुन्हा टोक घासायला लागतं. फोमसारखा मऊ तुकडा नको, तो चुरगळून झिजतो.

३. तळ टोकापासून चवड्याच्या मागेपर्यंत घासायचा. रेघ सर्वांत रुंद भागाच्या किंचित मागे, कमान सुरू व्हायच्या आत यावी. इथे डोळ्यात तेल घालून बसा. तळावर शिलाईचे टाके उघडे दिसत असतील तर पॉलिश पेपर त्यांच्यावरून जोरात फिरता कामा नये. दोरा कापला गेला तर रबर तळाला चिकटेल, पण तळ बुटाला धरून राहणार नाही.

४. धूळ झटकून सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं. चामडं पहिला हात पिऊन टाकतं, म्हणून चामड्याला दुसरा हात. मग थांबायचं. बोट लावलं तर चिकटणार नाही इतकं सुकायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, दमट दिवशी जास्त. ओल्या सोल्यूशनवर सोल दाबला की काम वाया गेलं म्हणून समजा; बहुतेक उघडणाऱ्या सोलांचं मूळ या पंधरा मिनिटांत असतं.

५. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, म्हणून टोकापासून नेम धरून बसवायचं. नंतर बूट लोखंडी पायावर चढवून मधून काठाकडे हातोडीने ठोकत जायचं, म्हणजे हवा आत अडकत नाही.

६. मागची कड रापीने (मोच्याच्या धारदार पात्याने) तासून कागदासारखी पातळ करून घ्या. चालताना पायरीला किंवा दगडाला पहिली अडकते ती हीच कड, आणि सोल उचकटायला सुरुवात इथूनच होते. 'पक्कं व्हावं म्हणून दोन चुका मारतो', म्हणजे बारीक खिळे ठोकतो, असं मोची म्हणाले तर हात जोडून नको म्हणा. खिळा तळातून आरपार जातो, गंजतो, पाण्याला वाट करून देतो आणि कधीतरी पायालाही टोचतो.

७. काठ बुटाच्या काठाबरोबर छाटून, घासून, रंग आणि मेण लावून घ्या. नीट केलेलं काम उभ्या माणसाला दिसत नाही. रात्रभर ठेवून मगच घाला.

परत घेताना बूट हाताने वाकवा आणि मागच्या कडेवरून नख फिरवा. नख कुठे आत शिरलं तर तिथल्या तिथे दाखवा.

रोजची काळजी

एकच जोडी रोज घालू नका. दिवसभरात पायाचा घाम आतल्या तळात आणि अस्तरात मुरतो, तो सुकायला निदान एक पूर्ण दिवस लागतो, दमट महिन्यांत त्याहून जास्त. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर दोघी मिळून एकीच्या दुपटीहून जास्त जातात. घरी आल्यावर बूट लगेच बंद कपाटात टाकू नका. आपल्याकडे फ्लॅटच्या दाराबाहेर शू रॅक असतो, त्याचं दार रात्रभर उघडं ठेवा किंवा बूट वरच मोकळे ठेवा. आत लाकडी शू ट्री घाला. देवदाराचा असेल तर थोडी ओल शोषतो आणि वासही धरत नाही. नसेल तर वर्तमानपत्राचे बोळे चालतात.

दुचाकीवाल्यांना एक सांगणं आहे. तीन हात नाक्याला सिग्नल सुटताना पाय जमिनीवर घासत पुढे सरकायची सवय असते. डांबर आणि सिमेंट त्या दोन-तीन सेकंदांत तळाला जेवढं खातात तेवढं सबंध दिवसाच्या चालण्यात खात नसतील. पाय उचला. गिअरच्या गाडीवर डाव्या बुटाचं वरचं चामडं गिअरच्या दांडीला घासून काळं पडतं, त्यासाठी दुकानात रबरी आवरण मिळतं. पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर काही उपाय नाही. त्यांच्या कडा वर आलेल्या असतात आणि टोक तिथेच ठेचतं. जिथे डांबर सपाट आहे तिथून चाला, एवढंच.

वरच्या चामड्याला आठवड्यातून एकदा ब्रश, महिन्यातून एकदा क्रीम. पावसाआधी मेणाचं पॉलिश जास्त काळजीने लावा आणि जुन्या टूथब्रशने ते वेल्टच्या खाचेत, टाक्यांच्या रांगेवर नीट घाला. पाणी शिरतं ते याच खाचेतून. व्हॅसलिन लावू नका, त्यावर धूळ चिकटते आणि बूट बघवत नाहीत.

तळाला तेल पाजायचं का

कोल्हापुरीला तेल पाजतात म्हणून लोक बुटाच्या तळालाही खोबरेल चोपडतात. थोडक्यात सांगायचं तर, क्वचित आणि कमी. कोरडा पडून कडक झालेल्या तळाला, चिरा दिसू लागल्या असतील तर, लेदर कंडिशनर किंवा सोल ऑइलचा पातळ हात फडक्याने लावा, रात्रभर मुरू द्या, उरलेलं पुसून टाका. तेल जास्त झालं की तळ मऊ पडतो आणि मऊ तळ लवकर झिजतो. म्हणजे पाण्याने जे नुकसान होतं तेच आपण हाताने करायचं. हाफ सोल लावायचा असेल तर आधी काही आठवडे तेल बिलकूल नको, तेलकट चामड्यावर सोल्यूशन धरत नाही.

पावसाळ्याचे चार महिने

हवामान खात्याच्या सध्याच्या सरासरी तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. या काळात लेदर सोलचे बूट रस्त्यावर घालायचेच नाहीत, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्त नियम. लोकलने जाणारे कित्येक जण करतात तेच करा: पायात रबरी सँडल किंवा फ्लोटर्स, बूट ऑफिसच्या कपाटात, तिथे पोचल्यावर कोरडे मोजे घालून बदलायचे. पिशवीतून न्यायचेच असतील तर कापडी पिशवीत घालून ती प्लॅस्टिकमध्ये ठेवा. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये बूट दिवसभर ठेवू नका, आतली ओल बाहेर जात नाही. बुटावरून चढवायची सिलिकॉनची आवरणं रिक्षातून दारापर्यंत जायला बरी आहेत. त्यांत तासभर चालू नका, पाय घामाने भिजतात आणि घोट्याकडून पाणी शिरतंच.

वंदना टॉकीजसमोर पाणी तुंबलं आणि त्यातून जावं लागलं, असं होतंच. तेव्हा बूट गेले असं समजू नका. ते वाचतात, फक्त घाई नको. तुंबलेलं पाणी गटाराचं असतं, म्हणून आधी स्वच्छ ओल्या फडक्याने वरचं चामडं आणि तळ पुसून घ्या. चिखल तळावर आणि खाचेत वाळू देऊ नका, ब्रशने काढा. पाण्याचा डाग अर्ध्यावर थांबला असेल तर वरचं चामडं सगळीकडे सारखं हलकं ओलं करा, म्हणजे वाळल्यावर रेघ उमटत नाही. लेस आणि आतलं सुटं पान (इनसोल) काढा. कागदाचे बोळे भरा आणि पहिल्या काही तासांत दोन-तीनदा बदला. रंगीत पुरवणीच्या पानांचा रंग अस्तराला लागतो, साधं पान घ्या.

मग बूट कडेवर आडवे ठेवा. तळावर उभे ठेवले तर खालचं पाणी सुटायला जागाच मिळत नाही, आणि नेमका तळच आपल्याला वाळवायचाय. पंख्याची हवा लागू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर नको, फ्रिजच्या मागची ऊब नको, इन्व्हर्टरवर तर अजिबात नको. वनस्पतींनी कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंशांना आक्रसतं, आणि त्याखालच्या तापमानालाही घाईने वाळलं तर कडक होऊन वाकताना तडकतं. आक्रसलेलं चामडं परत येत नाही. पूर्ण भिजलेल्या जोडीला दोन दिवस धरा, जुलैत तीनही लागतात. वाळत आल्यावर, किंचित दमट असतानाच शू ट्री घाला म्हणजे आकार राहतो. पूर्ण वाळल्यावर वर कंडिशनर, आणि तळ राठ वाटला तर त्यालाही एक पातळ हात. तोवर ती जोडी घालायची नाही, मग सोमवारी साहेबांची मीटिंग का असेना.

बुरशी

गणपतीत एखाद्याने कपाट उघडलं की पांढरी-हिरवट बुरशी दिसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टात आपल्याकडे ती बहुतेक वेळ ८० च्या वरच असते. खाडीलगतच्या ऐरोली-वाशीला किंवा येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

चार महिने बूट ठेवायचे असतील तर आधी स्वच्छ करा. बुरशीला घाम, मळ आणि पॉलिशचे जाड थर खायला लागतात. पूर्ण कोरडे करून, शू ट्री घालून, सुती पिशवीत ठेवा. दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नको, खोका स्वतःच ओल धरतो. सिलिका जेलच्या एक-दोन चिमुकल्या पुड्यांनी कपाटभर हवा कोरडी होत नाही. झाकण घट्ट लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात मूठभर सिलिका जेल घालून त्यात कोरडे बूट ठेवले तर मात्र काम होतं. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात, तेही चालतात, फक्त त्यांत जमणारं खारट पाणी बुटावर सांडू देऊ नका. डांबरगोळ्या कसरीला घाबरवतात, ओलीशी त्यांना देणंघेणं नाही. आणि पंधरा दिवसांतून एकदा, ऊन पडलेल्या दुपारी, बूट बाहेर काढून सावलीत हवा द्या.

बुरशी आलीच तर घरात झटकू नका. तोंडाला मास्क लावून गॅलरीत कोरड्या ब्रशने काढा, आणि तो ब्रश पॉलिशच्या ब्रशांत मिसळू नका. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून फडक्याने पुसा, आधी एखाद्या न दिसणाऱ्या जागी रंग उतरत नाही ना ते बघून. आत, तळाला आणि वेल्टच्या खाचेतही पुसा. ब्लीच वापरू नका. वाळल्यावर कंडिशनर. त्याच रॅकमधल्या बाकीच्या जोड्या आणि रॅकच्या फळ्याही पुसून घ्या, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

तळ बदलायची वेळ

चवड्याखाली, अगदी मधोमध, अंगठा दाबून बघा. आजूबाजूच्या मानाने तिथे तळ दबत असेल, पुठ्ठ्यासारखा लपलपत असेल, तर चामडं पातळ झालंय. भोक पडायची वाट बघू नका. भोकातून पाणी कॉर्कपर्यंत जातं आणि आतला तळ कुजू लागला की खर्च कुठच्या कुठे जातो. तसंच टोकाची झीज तळ ओलांडून वेल्टच्या पट्टीला लागायच्या आत थांबवा. हाफ सोल लावलेला असेल तर गोष्ट सोपी आहे: रबराची नक्षी गेली की फक्त रबर बदलायचं, खालच्या चामड्याला हात लावायचा नाही.

गुडइयर वेल्टचे बूट दोन-तीनदा सहज नव्या तळावर घेता येतात, जपलेले त्याहून जास्त. मात्र हे काम नाक्यावरचं नाही. पट्टीवर शिलाई करणारं यंत्र किंवा हाताने टाका घालणारा कारागीर लागतो, आणि त्यासाठी कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या बूट बनवणाऱ्या कारखान्यांकडे किंवा धारावीच्या चामड्याच्या बाजारात चौकशी करणं बरं. तिथे तीन गोष्टी स्पष्ट विचारा: जुनी शिलाई उसवून नवी घालणार की वरून नुसतं चिकटवणार, कॉर्क बदलणार का, आणि वेल्टची पट्टी खराब निघाली तर कळवणार का. पहिल्या प्रश्नालाच 'चिकटवलं तरी तेच, कळत पण नाही' असं उत्तर आलं, तर बूट पिशवीत घालून पुढच्या दुकानात जा. काम पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात द्या. नव्या तळालाही वाकायला कोरडे महिने लागतात, आणि त्याच्यावरचं रबर पुढच्या मे महिन्यात लावता येईल.